राहिलेली किक

बाजारात दोन मोटरसायकलींमधल्या फटीतून वाट काढताना माझी पोटरी एका सायलेन्सरला लागली, आणि दुखणं पोचायच्या आधी, त्या मधल्या अर्ध्या क्षणात, मला घरी आल्यासारखं वाटलं. खारघरची संध्याकाळ होती. हातात कोथिंबिरीची जुडी, खांद्याला कचेरीची पिशवी. मी दुकानाच्या कट्ट्यावर बसून पाय पाहिला. नाण्याएवढा लाल ठिपका. नागावच्या आमच्या घरात प्रत्येकाच्या अंगावर अशी एक खूण होती. बाबांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, आईच्या डाव्या घोट्यावर, कारण ती कायम एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि माझ्या उजव्या पोटरीवर, शाळेतली, आता फिकट झालेली. नवा चटका तिला अगदी खेटून उठला होता. बाबा गणपतीनंतर गेले. तेव्हापासून मी रडले नव्हते, आणि लोक त्याला धीर म्हणत होते. मी वाकून त्या ठिपक्यावर फुंकर घातली. फुंकर गार होती आणि तिला ओल्या सुपारीचा वास होता. मी सुपारी खात नाही, बाबा खायचे. मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. भाजीवाला दुसऱ्या कुणालातरी मिरच्या मोजून देत होता. मग मी पुन्हा फुंकर घातली, हळू, तपासून पाहावी तशी. या वेळी ती नुसती माझी होती.

घराच्या जिन्यावर असतानाच आईचा फोन आला.

"कुठं हायस गो?"

"जिन्यात. काय झालं?"

"रविवारी तो केतन येतोय टेम्पो घेऊन. ह्यांची गाडी विकत न्यायला. तू शनिवारी ये. त्याच्या आधी ती एकदा सुरू करायची हाय."

"मी सुरू करू? मला कुठे येतं? मी नुसता बॅटरीचा उजेड धरायचे."

"धरायचीस ना उजेड? मला तर तेवढंपण न्हाय येत."

बाबा अलिबागच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन तालुकाभर फिरायचं, माणूस शोधायचा, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. लोक त्यांच्या गाडीचा आवाज ओळखत आणि तो ऐकू आला की मागच्या दाराने वाडीत पसार होत. बाबा म्हणायचे, सरकारने बेलिफाला पगार कमी दिला तरी चालेल, सायलेन्सर चांगला द्यावा. निवृत्त झाल्यावर त्यांनी उलटा धंदा सुरू केला. आता ते लोकांच्या घरी जाऊन मेलेल्या गाड्या मागून आणू लागले. कोंबड्यांच्या खुराड्यातून, भाताच्या मुड्यांखालून, विहिरीशेजारून. ही येझदी मोटरसायकल पालीच्या पलीकडच्या एका गावातून आली ती गोण्यांत भरून. चौकट वेगळी, टाकी वेगळी, इंजिनात मुंग्यांचं वारूळ. दोन पावसाळे ते तिच्याशी बसले. डॉक्टरांनी किक मारायची नाही म्हणून बजावलं होतं. बाबा म्हणाले, मी कुठे मारतो, पाय मारतो. आणि किक मारत राहिले, कारण जोडून पूर्ण झालेली ती गाडी अजून एकदाही बोलली नव्हती.

पुढचं मला शनिवारी जेवणानंतर कळलं. पनवेलहून एसटीने अलिबाग, तिथून रिक्षाने नागाव, रिक्षात समुद्रावर निघालेली एक जोडी, त्यांच्या हातात फुगवायचं बदक. घरी पोचले तर आईने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. भात, सुकटीची चटणी, सोलकढी, सगळं पुढे सरकवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. तिने केस विंचरले नव्हते. मागच्या खेपेला आले तेव्हा घरात माणसं होती, त्यामुळे मला दिसलं नसावं, पण आता दिसलं की आई चुलीजवळच्या एका ठरावीक जागेपलीकडे हलत नाही. त्या जागेवरून मागचं दार दिसतं, दारातून अंगण, आणि अंगणापलीकडे बाबांची शेड.

"आता ऐक," ती म्हणाली.

"काय?"

"भांडी घासून झाली की आवाज येतो."

नागावात त्या वेळी कुणी जागं नसतं. समुद्रावरची मोटरबोटींची घरघर दुपारपुरती बंद होते, पाहुण्यांना वाढून झालेलं असतं, पोफळीच्या सावल्यासुद्धा झाडांना चिकटून पडलेल्या असतात. मी भांडी विसळत होते. पाण्याचा आवाज थांबला आणि मग ते आलं. खर्र, थप्प. मला आधी फक्त ओळख पटली, अर्थ लागला नाही, जशी झोपेत आपल्या नावाची ओळख पटते. खर्र, थप्प. दात्यांवर दाते घासून दांडा खाली जातो आणि काहीही न होता परत येतो, तो आवाज. मेलेली किक म्हणायचे बाबा तिला. पुन्हा एक. मग थांबलं. शेडच्या दाराला बाहेरून कडी होती, ती मला दिसत होती. आत पोफळीची झावळी घासत असेल, उंदीर असेल, शेजारच्या वाडीत कुणी रहाट ओढत असेल, ही सगळी कारणं माझ्या डोक्यात एकामागून एक शहाण्यासारखी येऊन उभी राहिली. पण त्या थांबण्याला कारण सापडेना. ते नुसतं आवाज बंद होणं नव्हतं. एखादा माणूस दमून कमरेवर हात ठेवतो आणि कुणीतरी काहीतरी बोलायची वाट बघतो, तसं ते थांबणं होतं. आणि माझ्या घशात, मी न बोलावता, शब्द चढून आले. अजून एक मारा, होईल. मी वळून पाहिलं. आईने पदराचा बोळा करून तोंडात धरला होता.

ते आमच्या घरचं होतं. माझ्या लहानपणापासूनचं. बाबा शेडमध्ये किका मारून दमले, की आई चुलीपाशी बसल्याबसल्या, हातातलं काम न सोडता, ओरडायची, "एकदाच अजून मारा, होईल." आणि बहुतेक वेळा व्हायचंही. खोकल्यासारखा एक आवाज, मग धूर, मग घरभर जळक्या तेलाचा गोडसर वास, आणि दारात बाबा, काळ्या हातांनी, हसत. "इंजिनात स्पार्क नाय, हिच्या तोंडात हाय." आई म्हणायची, "मग मलाच लावा तिकडं, आणि प्लग घाला चुलीत." हे इतक्या वेळा झालं होतं की त्यात बोलणारा आणि ऐकणारा असा भेद उरला नव्हता. तेही किक मारण्याचाच एक भाग होतं.

"त्या दिवशी पण मी बोलले," आई म्हणाली. तोंडातून पदर काढला तेव्हा तो ओला होता. "थांबले ते. मी म्हटलं, एकदाच अजून मारा, होईल. आणि मग आवाजच न्हाय. मला वाटलं, आज ऐकत न्हाईत माझं. मी भात उपसला. मासळी पलटली. मग गेले बघायला, तर स्टुलावर बसलेले. बाकाला पाठ लावून. गाडीकडे तोंड. डोळे उघडे. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील." ती माझ्या हातातल्या ताटलीकडे पाहत होती. "ती एक राहिली ना गो. मी सांगितलेली. ती मारून बघ. सुरू झाली तर मी खरं सांगितलं होतं."

"आणि नाही झाली तर?"

"तर मी मरत्या माणसाला उठवत होते. उगाच."

त्यानंतर मी बराच वेळ पुढच्या ओट्यावर बसून होते. आईने केतनला गाडी देऊ केली ती पैशासाठी नव्हे हे मला आता कळत होतं. गाडी गेली की दुपारचं ते थांबणंही जाईल असं तिला वाटत होतं. पण गाडी गेली की ती किक कायमची राहणार होती. केतनला मी फोन केला. त्याचं मुंबईत काहीतरी मोठं काम, नागावात घर, जुन्या गाड्यांचा शौक. "मॅडम, चालू नसली तरी नो प्रॉब्लेम," तो म्हणाला, "मी तसंही इंजिन पूर्ण उघडणारच आहे. फक्त प्लीज कुणाला हात लावू देऊ नका. अंकलनी जशी सोडली तशी पाहिजे मला." अंकलनी जशी सोडली तशी. चाकांत त्यांनी भरलेली हवा, टाकीत त्यांनी तेल मिसळून ओतलेलं पेट्रोल, प्रत्येक स्क्रूमध्ये त्यांच्या मनगटाचा शेवटचा पीळ. म्हणजे उत्तरही आत तसंच बंद होतं. किक मारली की ते बाहेर येणार. सुरू झाली, तर आई खरी ठरेल आणि मग रोज दुपारी मोजत बसेल की एका किकेचं अंतर होतं, एवढंच. नाही झाली, तर तिने काय म्हणायचं ते आत्ताच म्हटलं होतं. दोन्ही उत्तरं तिला चुलीपाशीच बसवणारी होती.

अंबाजीकाका कुंपणापलीकडून आले. त्यांची वाडी आमच्या घराला लागून, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, त्या दिवशी आईच्या हाकेला पहिले धावले ते.

"काय गो सुचिता, गाडी विकताव म्हणं?"

"आई विकतेय."

"विका, विका. तुजा बापूस गाडीवर बसायचा कमी आन् गाडीखाली झोपायचा जास्त. सगुणावहिनीला म्या सांगायचो, नवरा हुडकायचा तर आधी पाय हुडका." ते हसले, मग हसू संपायच्या आत थांबले. "रातच्याला यवस्थित झोपते का ती?"

"काका, दुपारी तुम्हाला काही ऐकू येतं?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "न्हाय," ते म्हणाले. आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता, "दुपारचा म्या हल्ली वाडीच्या तिकडल्या टोकाला झोपतंव."

मी शेडची कडी काढली. आत उकाडा आणि वास, दोन्ही माणसासारखे दारात उभे होते. बाबा गाडी नेहमी तोंड आत आणि पाठ दाराकडे करून लावत, म्हणजे धूर बाहेर जाई. तशीच ती स्टँडवर उभी होती, काळी, टाकीवर लाल रेघ, तिच्या पुढे बाक, बाकाशी टेकलेलं बुटकं स्टूल. गाडीवर धूळ होती, स्टुलावर नव्हती. आईने पुसलं असेल असं मी ठरवलं. मी उजव्या बाजूचं गोल झाकण उघडलं. त्याच्या आत पॉइंट असतात, दोन टोकं, टिकलीएवढी. ती जिथे विलग होतात तिथे ठिणगी पडते, आणि ती नेमकी कधी पडावी हे ज्या पत्र्याच्या चकतीवर ठरतं ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते. लहानपणी बाबा त्या टोकांमध्ये सिगारेटचा पातळ कागद घालून माझ्या चिमटीत त्याचं टोक देत. ते चाक हळूहळू फिरवत, मी कागद किंचित ओढून धरत असे, आणि टोकं उघडली की कागद अलगद हातात येई. "सुटला," मी सांगायची. "नक्की?" "नक्की." मग ते स्क्रू पिळत. त्या एका शब्दापुरते बाबा माझ्यावर विसंबून असत. पुस्तकांनी मला पुढे पुष्कळ शब्द दिले, पण तो ज्या खात्रीने उच्चारला तसा दुसरा कुठलाच नाही.

मी ठरवून काही केलं असं मला म्हणता येणार नाही. स्क्रू ड्रायव्हर बाकावर होता, त्याची मूठ हाताला बसली. मी दोन्ही स्क्रू सैल केले, अंगठ्याने चकती ढकलली, आणि पुन्हा आवळले. किती ढकलली ते पाहिलं नाही. कुठल्या बाजूला तेही नाही. आता ही गाडी अंकलनी सोडली तशी नव्हती. आता काहीही झालं, तरी ते त्या दिवशीचं उत्तर नसणार होतं. मी झाकण लावलं आणि मला इतकं शांत वाटलं की भीती वाटली. माझ्या मागे स्टुलाच्या जागी कुणीतरी श्वास रोखून धरला होता. मी वळले नाही. वळायचं कारण नव्हतं, तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं, एक स्टूल आणि एक बाक.

आई दारात आली तेव्हा ऊन कललं होतं. तिने केस बांधले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती, जणू कुठे जायचं होतं. अंगणातून ती शेडच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"मार," ती म्हणाली.

मी पेट्रोलचा कॉक उघडला. कार्बोरेटरचं बटण दाबून धरलं, बोटांवर थेंब आले. गाडी स्टँडवरून उतरवली, बसले, डाव्या पायाने दांडा शोधला. किक जोर लावून मारावी की हळूच मारावी हे मला ठरवता येईना. सुरू व्हावी असं वाटत होतं आणि होऊ नये असंही, आणि पाय मनाचंच ऐकतो. अर्धवट, कचखाऊ अशी ती किक गेली. इंजिनाने ती घेतली नाही, परतवली. दांडा माझ्या तळव्यावर आतून कुणी लाथ मारावी तसा उसळला, आणि त्या उसळण्यातच गाडी सुरू झाली.

आवाज विचित्र होता. बसका, अडखळणारा, वाक्य शेवटाकडून वाचत यावं तसा. पण सुरू होती. धूर माझ्या मागे आईच्या दिशेने गेला, निळसर, आणि ती त्याच्यात उभी राहिली. "झाली," ती म्हणाली. "बघ. एकच राहिली होती." तिचा चेहरा मला आरशात दिसत होता. त्यावर आनंद नव्हता. ज्याची खात्री होती ते सिद्ध झाल्यावर माणूस जसा रिकामा होतो, तसा तो होत चालला होता, आणि मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? गाडी सुरू झाली की बाबा पहिला गिअर टाकून ती हातभर पुढे नेत, पुढचं चाक बाकाच्या पायाला हलकेच टेकवत, क्लच तपासायला. माझ्या पायाने आपोआप तेच केलं. दांडा आत दाबून पुढे वळवला, कारण या गाडीत किकचाच दांडा गिअरचा होतो, पहिला टाकला आणि क्लच सोडला.

बाक जवळ यायला हवा होता. तो दूर गेला. स्टूल दूर गेलं. मला वाटलं शेडच पुढे सरकतेय. मग पाठीमागून आईचं "अगो, अगो" ऐकू आलं आणि कळलं की गाडी मागे चालली आहे, कुणीतरी कॅरिअरला धरून ओढावी तशी, आईच्या अंगावर. मी क्लच दाबला. गाडी तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. इंजिन तसंच बडबडत होतं.

"कोण ओढतंय?" आई कुजबुजली.

"कुणी नाही. इंजिन उलटं फिरतंय." मी क्लच दाबूनच धरला होता. "ह्या इंजिनाला पुढचं मागचं नसतं, आई. ठिणगी चुकीच्या वेळी पडली की ते उलटंच सुरू होतं. मग पहिल्या गिअरलाही गाडी मागे जाते. मी... मी आतली चकती हलवली होती."

धूर दोघींच्या मधून जात होता.

"त्यांच्या हातून अशी कधी झाली न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

"मग ही त्यांची नव्हं. ही तुझी किक." तिने हे अंदाज घेत म्हटलं, जसं पाण्यात पाय घालून पाहतात. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. "त्यांची कुठली, ते आता कुणाला कळायचं न्हाय."

"नाही कळणार."

मी इंजिन बंद करायला हात पुढे नेला, तेवढ्यात तिचा तळवा माझ्या खांद्यावर पडला. गाडी एका बाजूला किंचित कलली. दोन्ही पाय डावीकडे सोडून, पदर कमरेला खोचून, ती मागे बसली होती. अशी ती फक्त एकाच माणसाच्या मागे बसत असे.

"चल," ती म्हणाली.

"आई, ही मागेच जाणार."

"जाऊ दे. अंगणातल्या अंगणात."

मी क्लच हळू सोडला. दोन्ही पाय जमिनीला लावत, वल्हवावं तसं, मी तिला सांभाळत होते. आम्ही उंबऱ्यावरून खाली उतरलो, अंगणात आलो, तुळशीला वळसा घालून पोफळीच्या दिशेने मागे मागे जात राहिलो. ज्या ठिकाणाहून निघावं त्याच्याकडे पाठ करून जातात माणसं. आम्हाला ते करता येत नव्हतं. गाडीचं तोंड शेडकडे होतं, आमची तोंडं शेडकडे होती, आणि शेडचा दरवाजा एक काळा चौकोन होऊन लहान होत चालला होता. त्याच्या आत, बाकाशी, मला जे दिसत होतं ते स्टूलच होतं असं मी अजूनही धरून आहे. माझ्या खांद्यावरचा तळवा घट्ट झाला नाही. उलट सैल झाला.

"तुम्ही बसा," आई माझ्या कानाशी, पण मला नव्हे, म्हणाली. रोजच्या आवाजात, घरातून बाहेर पडताना म्हणावं तसं. "आम्ही जरा फिरून येताव."